झेरॉक्सच्या दुकानात उघडलेला ऑफिसचा मेल

पत्र:

ताई, नमस्कार. मी पुण्यात एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागात आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून तीन आठवड्यांसाठी माहेरी, कोल्हापुरात मंगळवार पेठेत आलेय. ऑफिसचा कॉम्प्युटर टेबलावरचा, तो काही आणता येत नाही. साहेब म्हणाले, ब्राउझरमधून आउटलुक उघडून मेल बघत जा. पहिल्या आठवड्यात एका सप्लायरच्या बिलाची प्रिंट काढून, सही करून परत पाठवायची होती. हॉस्पिटलजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर मेल उघडला, तेवढ्यात वॉर्डातून फोन आला आणि मी तशीच पळाले. लॉगआउट केलं की नाही, आठवत नाही. त्यानंतर घरी भाच्याच्या लॅपटॉपवर मेल बघते. परवा रात्री साडेअकराला फोनवर ऑथेंटिकेटरनं, म्हणजे साइन-इनला होकार मागणाऱ्या ॲपनं, विचारलं, तुम्ही साइन इन करताय का? मी 'नाही' दाबलं. काल पुन्हा तेच. भाचा म्हणतो, आत्या, ओटीपीशिवाय कुणी आत येऊच शकत नाही, झोप निवांत. साहेबांना सांगायची भीती वाटते, नोकरीवर येईल असं वाटतं. काय करू? आणि उरलेले दिवस मेल कसा बघू?

उत्तर:

तुझं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी तुला दोन ओळी पाठवल्या होत्या: स्वतःच्या फोनवरून पासवर्ड बदल, आणि ऑफिसला फोन कर. तेव्हा कारणं सांगायला वेळ नव्हता. ती आता सविस्तर सांगते, कारण घरच्यांच्या उशाशी बसून ऑफिसचं काम ओढणारी तू एकटी नाहीस.

आधी त्या रात्रीच्या प्रश्नाबद्दल. ऑथेंटिकेटर उगाच विचारत नाही. बहुतेक कंपन्यांत आधी पासवर्ड बरोबर पडावा लागतो, मगच फोनवर विचारणा येते. म्हणजे साडेअकराला तुझा पासवर्ड हातात घेऊन कुणीतरी, किंवा कुणाचा तरी प्रोग्राम, उंबऱ्यापर्यंत आला होता. भाच्याच्या लॅपटॉपवर अर्धवट राहिलेलं साइन-इन आपोआप पुन्हा झालं असेल, अशीही एक शक्यता आहे. त्या वेळी लॅपटॉप चालू होता का, हे त्याला विचार. पण त्याचं उत्तर येईपर्यंत थांबू नकोस. तू 'नाही' दाबलंस हे फार चांगलं केलंस. रात्री-अपरात्री अशी विचारणा करतात ती दमलेला माणूस कंटाळून 'हो' दाबेल याच आशेवर. म्हणून तर मे 2023 पासून मायक्रोसॉफ्टनं स्क्रीनवर दिसणारा आकडा फोनमध्ये टाकणं सक्तीचं केलं. असा आकडा तुला कुणी फोन करून सांगितला आणि टाक म्हणाला, अगदी 'आयटीमधून बोलतोय' म्हणाला, तरी टाकू नकोस.

भाच्याचं म्हणणं निम्मं खरं आहे. ओटीपी दारावर विचारतात, आत गेल्यावर नाही. तू सध्या रोज हॉस्पिटलात जातेस, तिथलंच उदाहरण घे. गेटवर नाव-गाव विचारून पास देतात. एकदा पास मिळाला की मजल्यावरचा माणूस पास बघतो आणि सोडतो, नाव पुन्हा विचारत नाही. तो पास दुसऱ्याच्या हाती लागला तर तोही वर जाईल. ब्राउझरमध्ये हा पास म्हणजे कुकी. तू पासवर्ड टाकलास, फोनवर होकार दिलास, की आउटलुक त्या ब्राउझरला कुकी देतं आणि पुढे तिच्याच भरवशावर चालतं. लॉगआउट न करता उठलीस, तर पास त्या दुकानातल्या खुर्चीवर ठेवून आलीस. तो उचलणाऱ्याला ना पासवर्ड लागतो ना ओटीपी, आणि तुझ्या फोनवर काही वाजतही नाही. त्यामुळे फोनवर विचारणा आली ती एका अर्थी चांगलीच बातमी म्हणायची: निदान त्या वेळी त्याच्याकडे पास नव्हता, नुसता पासवर्ड होता.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते. लोक मला वायफायबद्दल विचारतात: स्टेशनवरचं फुकट वायफाय वापरू का, हॉटेलातलं चालेल का. वायफायची भीती एके काळी अगदी रास्त होती. 2010 साली एरिक बटलर या प्रोग्रामरनं फायरशीप नावाचं एक छोटं साधन सगळ्यांसमोर ठेवलं. उघड्या वायफायवर शेजारी बसलेल्याची कुकी उचलून त्याच्या खात्यात शिरणं किती सोपं आहे, हे त्यानं दाखवून दिलं. त्यानंतर हळूहळू सगळ्या मोठ्या साइट्सनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांकेतिक रूपात, म्हणजे एचटीटीपीएसवर, बोलायला सुरुवात केली. आज वाटेत चोरी होणं अवघड झालंय. ब्राउझरनं प्रमाणपत्राबद्दल लाल इशारा दिला, 'हे कनेक्शन खासगी नाही' म्हणाला, तर तिथून परत फिरायचं, 'तरीही पुढे जा' दाबायचं नाही. एवढं पाळलंस की वायफायचं निम्मं ओझं उतरलं.

खरा प्रश्न वाटेचा नसून यंत्राचा आहे. मेल कुणाच्या कॉम्प्युटरवर उघडलास?

हॉस्पिटलजवळचं झेरॉक्सचं दुकान डोळ्यांसमोर आण. सकाळपासून माणसं येतात. कुणी आधार कार्डाची प्रत, कुणी मेडिक्लेमचे कागद, कुणी पोराच्या ॲडमिशनचा फॉर्म. प्रत्येकाच्या हातात पेनड्राइव्ह, आणि प्रत्येक पेनड्राइव्ह त्याच एका कॉम्प्युटरच्या पोटात जातो. फोल्डरचे शॉर्टकट करून टाकणारा व्हायरस आपल्याकडे घरोघरी पोचला तो अशाच दुकानांतून. त्यातून कॉम्प्युटर जुना. विंडोज 7 ला मायक्रोसॉफ्टनं सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं 14 जानेवारी 2020 ला थांबवलं आणि विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. तरी ही यंत्रं दुकानांत चालूच आहेत, कारण प्रिंटर चालतोय ना, मग बदलायचं कशाला. अशा यंत्रात कीबोर्डवर दाबलेलं प्रत्येक अक्षर टिपून ठेवणारा प्रोग्राम बसलेला असू शकतो. त्याला कीलॉगर म्हणतात. एचटीटीपीएस त्याच्यापुढे काहीच करू शकत नाही, कारण तू टाइप केलेलं सांकेतिक व्हायच्या आधीच त्यानं ते उचललेलं असतं.

आणि एक मनापासून सांगते, त्या दुकानदाराला चोर ठरवू नकोस. त्या कीबोर्डमागे काय बसलंय हे बहुतेक वेळा त्यालाही ठाऊक नसतं. उलट त्याच्याकडे जा. म्हण, काका, अमुक दिवशी मी इथं मेल उघडला होता, माझं पान उघडं राहिलं असेल तर बंद करा, आणि डाउनलोड्समधलं ते बिल काढून टाका, रिसायकल बिनमधूनही. बिलावर खातं नंबर आणि आयएफएससी असतो, म्हणून ते महत्त्वाचं. तू स्वतः मात्र तिथं पुन्हा पासवर्ड टाकून 'बघते राहिलंय का' असं करू नकोस. व्हॉट्सॲप वेब तिथं कधी उघडलं असशील, तर फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन तेही तोड.

इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खासगी विंडो, तिच्याबद्दलही बोलते, कारण पुढचा सल्ला तुला कुणीतरी तोच देणार. इन्कॉग्निटो विंडो सगळ्या बंद केल्या की कुकी आणि इतिहास पुसला जातो, एवढाच त्याचा उपयोग, आणि तो चांगला आहे. पण कीलॉगरला ते थांबवत नाही आणि डाउनलोड केलेली फाइल तशीच मागे राहते.

भाच्याच्या लॅपटॉपकडे वळू. पोरगं गुणी आहे, आत्याला मदत करतंय. पण इंजिनीअरिंगच्या पोरांच्या लॅपटॉपवर फुकटात मिळवलेले गेम आणि 'क्रॅक' केलेली सॉफ्टवेअर सर्रास असतात, आणि कुकी चोरणारे प्रोग्राम आजकाल त्यांच्याच पोटात दडून येतात. झेरॉक्सच्या दुकानाइतकाच माझा संशय त्या लॅपटॉपवरही आहे. दुसरं असं की क्रोमनं 'पासवर्ड साठवू का' विचारल्यावर 'हो' दाबलं गेलं असेल, तर तुझ्या ऑफिसचा पासवर्ड आता त्याच्या गूगल खात्यात आहे, आणि सिंक चालू असेल तर त्याच्या फोनवरही. त्याला शेजारी बसवून पासवर्ड मॅनेजरमधून तो काढायला लाव. रागावू नकोस, त्यालाही हे कुणी शिकवलेलं नसतं.

आता मेलबॉक्सची झाडाझडती. स्वतःच्या फोनवर मोबाइल डेटा चालू करून पासवर्ड बदलल्यावर मायक्रोसॉफ्टच्या खात्याच्या पानावर 'सगळीकडून साइन आउट' असा पर्याय असतो, तो दाब. जुने पास रद्द व्हायला तास-दीड तास लागू शकतो, तेवढ्यात घाबरू नकोस. तिथंच अलीकडच्या साइन-इनची यादी मिळते: कुठल्या गावातून, कुठल्या ब्राउझरमधून. मोबाइल कंपनीच्या जाळ्यामुळे कोल्हापूरऐवजी पुणे किंवा मुंबई दिसेल, त्यानं दचकू नकोस. अनोळखी देश, किंवा तू आईला जेवण भरवत होतीस त्या वेळचं यशस्वी साइन-इन दिसलं, तर स्क्रीनशॉट काढून ठेव.

मग आउटलुकच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'रूल्स' आणि 'फॉरवर्डिंग' बघ. ही जागा बहुतेक जण बघतच नाहीत. आत शिरलेला चोर पहिलं काम हे करतो की 'पेमेंट', 'बँक', 'इनव्हॉइस' असे शब्द असलेला मेल बाहेरच्या पत्त्यावर जाईल किंवा आरएसएस फीड्ससारख्या कुणी न उघडणाऱ्या फोल्डरमध्ये पडेल, असा नियम लावून ठेवतो. नियमाला नाव काय देतो? नुसता एक टिंब. पासवर्ड बदलला तरी असा नियम जागेवरच राहतो आणि तुझे मेल गुपचूप बाहेर जात राहतात. सोबत 'सेंट' आणि 'डिलीटेड'ही चाळ.

अकाउंट्समध्ये असलीस म्हणून मी एवढी मागे लागलेय. तुझ्या मेलबॉक्समध्ये कुणाला किती पैसे, कधी, कुठल्या खात्यात जायचे हे सगळं लिहिलेलं आहे. चोर आठवडाभर नुसतं वाचत बसतो. बिल द्यायची तारीख जवळ आली की तुझ्याच नावानं, तुझ्याच भाषेत, साखळीतल्या जुन्या मेलखाली दोन ओळी टाकतो: सप्लायरचं खातं बदललंय, यापुढे या नंबरवर पैसे टाका. समोरच्याला शंका यायचं कारणच नसतं. म्हणून सहकाऱ्यांना आजच सांगायचं की माझ्या मेलवरून बँक खातं बदलण्याबद्दल काहीही आलं तर सप्लायरला त्याच्या जुन्या, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा, मेलमधल्या नंबरवर नको. आणि पैसे गेलेच, तर 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले तरच हाती लागतात.

साहेबांना सांगायचं का, हे तू पत्राच्या शेवटी विचारलंयस. माझ्या लेखी ते सगळ्यात वर यायला हवं होतं.

तू कोल्हापूरची आहेस, तुला निराळं समजवायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीचं पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा पातळी, 43 वर धोका पातळी. पूरपट्ट्यातली माणसं 39 चा आकडा ऐकला की गॅस सिलिंडर आणि धान्य माळ्यावर चढवतात, म्हशी हलवतात. 43 ची वाट बघत कोण बसतं? तुझी गोष्ट आज 39 वर आहे. पासवर्ड गेलाय, पण फोनवरचा दरवाजा टिकलाय. आत्ता सांगितलंस तर आयटीवाले सर्व्हरच्या बाजूनं नोंदी तपासतील, तुझ्या फोनवर दिसत नाही ते त्यांना दिसतं. सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशानुसार अशा घुसखोरीची माहिती लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवणं कंपनीवर बंधनकारक आहे. तू दोन दिवस गप्प राहिलीस तर तू कंपनीलाही अडचणीत टाकतेस, आणि मग 'का सांगितलं नाहीस' हा प्रश्न 'का उघडलास' या प्रश्नापेक्षा जड पडतो.

शब्द सुचत नसतील तर असं म्हण: "सर, अमुक तारखेला मी बाहेरच्या कॉम्प्युटरवर मेल उघडला होता. परवा आणि काल रात्री माझ्या फोनवर साइन-इनची विचारणा आली, मी नाकारली. पासवर्ड बदललाय, सगळीकडून साइन आउट केलंय. आयटीकडून माझं खातं तपासून घ्या." एवढंच. माफी मागत, रडत बोलायची गरज नाही. आणि हे फोनवर सांग, त्याच मेलवरून लिहू नकोस.

चूक तुझी एकटीची नाही, हे मला ठासून म्हणायचंय. कर्मचाऱ्याला लॅपटॉप द्यायचा नाही आणि 'कुठूनही ब्राउझरमध्ये उघडा' म्हणायचं, तर कुठून नको हेही सांगायला हवं. अनोळखी यंत्रावर मेल नुसता वाचता येईल, फाइल डाउनलोड होणार नाही, अशी सोय आउटलुकमध्ये कंपनीला लावता येते. ऑगस्ट 2019 मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, कित्येक दिवस पुण्याकडे वाहतूक बंद होती. जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच. माहेरी, गावी आलेली माणसं इथं अडकली आणि मिळेल त्या यंत्रावरून कामं करत राहिली. अशी वेळ येते हे माहीत असताना आधी नियम ठरवून ठेवायला काय हरकत आहे? साहेबांशी बोलशील तेव्हा हेही सुचव.

मी स्वतः एकदा राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत, प्लायवूडच्या आडोशात बसले, तर समोर माझ्या आधीच्या मुलीचा इनबॉक्स तसाच उघडा. परगावच्या आईला लिहिलेलं पत्र अर्धवट होतं. मी ते बंद केलं, पण ती पहिली ओळ नजरेला पडलीच, आणि ती मला वाचायची नव्हती. त्या मुलीला हे कधी कळलं नसेल. तेव्हापासून कुणी मला 'लॉगआउटनं काय होतंय' म्हणालं की मला ती ओळ आठवते.

उरलेल्या दिवसांचं सांगते. मेल फक्त तुझ्या फोनवर बघ. फोन अपडेट करून घे, लॉक ठेव, आईच्या उशाला उघडा टाकू नकोस. कंपनी परवानगी देत असेल तर आउटलुकचं ॲप, नाहीतर फोनच्याच ब्राउझरमध्ये. पत्ता गूगलवर शोधून उघडू नकोस, शोधाच्या वरच्या जाहिरातींत हुबेहूब खोटी पानं असतात. एकदा बरोबर पत्ता टाकून बुकमार्क करून ठेव आणि दर वेळी त्याच्यावरूनच जा. पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह बघून निर्धास्त होऊ नकोस. खोट्या पानालाही एचटीटीपीएस मिळतं, आणि कुलूप म्हणजे भरवसा असा लोकांचा गैरसमज होतो म्हणून क्रोमनं सप्टेंबर 2023 मध्ये ते चिन्हच काढून टाकलं. बघायचं ते पत्त्यात 'https://' नंतर येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेषेच्या लगेच आधी काय लिहिलंय ते. तिथं नेहमीचं नाव नसेल तर पासवर्ड टाकायचा नाही. आयटीला पासवर्डऐवजी वापरायची पासकी चालू करून देता येते का, हेही विचार. बोटाच्या ठशानं चालते आणि खोट्या पत्त्यावर ती मुळी उघडतच नाही. आणि वॉर्डात रेंज नसेल तेव्हा ऑथेंटिकेटरमधला दर 30 सेकंदांनी बदलणारा कोड नेटवर्कशिवायही चालतो.

मोठ्या पडद्याची अगदीच गरज पडली, एखादी लांबलचक एक्सेल शीट आली, तर भाच्याचा लॅपटॉप नकोच. तेवढी फाइल सहकाऱ्याला बघू दे. बिलावर सही हवी असेल तर फोनवरच पीडीएफवर बोटानं सही चालते का, हे आधी विचार. बऱ्याच ठिकाणी चालते, आणि प्रिंटचा खटाटोपच वाचतो. कागदच हवा म्हणाले, तर ती एकच फाइल दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठव, प्रिंट घे, आणि समोर उभी राहून त्याला ती काढून टाकायला लाव. मेल दुकानात उघडायचा नाही, एवढंच सूत्र.

आणि जमलं तर रोजचं ओझं थोडं हलकं कर. कुणी म्हणेल, पासवर्ड सांग, मी बघतो. तसं करू नकोस. आयटीला सांगितलं की तुझ्या मेलबॉक्समध्ये सहकाऱ्याला त्याच्या स्वतःच्या नावानं बघायची परवानगी देता येते, पासवर्ड कुणाच्या हातात जात नाही, आणि तुझी रजा संपली की परवानगी काढून घेता येते. बिलांचं तेवढं त्यांनी बघावं. तू दिवसातून दोनदा, सकाळी आईचा व्यायाम झाल्यावर आणि संध्याकाळी, वीस मिनिटं मेल बघ.

साहेबांशी बोलणं झालं आणि रूल्समध्ये काय सापडलं, ते मला कळव. टिंबाच्या नावाचा नियम दिसला तर तो लगेच पुसू नकोस, आधी त्याचा फोटो काढून आयटीला दे.